मातीचे धरण आणि विरंगुळ्याचा तलाव (मुंबई)

माती, मुरूम आणि दगड थराथराने दाबून ओढ्यावर किंवा नदीवर घातलेला भराव म्हणजे मातीचे धरण. दगडी धरणाप्रमाणे तेही स्वतःच्या वजनावर उभे राहते, मात्र त्यातून पाणी सतत थोडेथोडे पाझरत असते. हा पाझर पूर्ण थांबवता येत नाही. तो कुठून निघतो, किती निघतो आणि सोबत माती घेऊन येतो का, यावर धरणाचे आयुष्य ठरते. मुंबईच्या हद्दीतले तीन मोठे तलाव म्हणजे विहार, तुळशी आणि पवई. मातीच्या धरणाचे उदाहरण म्हणून विहार पाहावा आणि लोकांच्या विरंगुळ्याचा तलाव म्हणून पवई.

विहारची धरणे

१८५४ च्या भीषण पाणीटंचाईनंतर मुंबईला बाहेरून पाणी आणण्याच्या योजनेला वेग आला. अभियंते हेन्री कॉनिबेअर यांच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात काम सुरू झाले आणि १८६० पर्यंत नळाने पाणी शहरात पोहोचले. मुंबईची ही पहिली नळपाणी योजना. दरीचे तोंड आणि डोंगरांमधल्या खिंडी अडवण्यासाठी येथे मातीची तीन धरणे घालावी लागली. त्यांतल्या सर्वांत मोठ्या धरणाची उंची सुमारे ८४ फूट आहे. तलावाची क्षमता २,७६९.८ कोटी लिटर, पाणलोट क्षेत्र १८.९६ चौ.किमी. वरच्या अंगाचा तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. तो भरला की त्याचे पाणी विहारमध्ये उतरते.

बांधणी

पायाची जागा आधी खरवडतात. झाडोरा, मुळ्या आणि वरची कुजट माती राहिली, तर पुढे तिथेच पोकळी होते. मग धरणाच्या लांबीभर खंदक खणून तो घट्ट मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेतात आणि चिकणमातीने भरतात. हीच चिकणमाती वर चढत जाऊन धरणाचा गाभा होते. एकोणिसाव्या शतकात ती पाणी घालून मळत, तुडवत आणि कुटत. आता रोलर फिरवतात. सैल मातीचा थर २० ते २५ सेंमीचा घेतात, तो दाबून १५ सेंमीच्या आसपास येतो.

दाबणीत ओलावा फार महत्त्वाचा. प्रयोगशाळेचे आकडे असतातच, पण कामावरची जुनी परीक्षाही खरी ठरते. मूठभर माती आवळावी. गोळा टिकला पाहिजे आणि तळहाताला चिखल लागता कामा नये. तो गोळा कंबरेच्या उंचीवरून खाली टाकला की दोन-चार तुकडे व्हावेत. भुगा झाला तर माती कोरडी; नुसताच चपटा झाला तर ओली. कोरडी माती कितीही दाबली तरी आत पोकळ्या राहतात आणि ओली माती रोलरखाली गादीसारखी हलते.

गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे कवच असते. पाण्याकडचा उतार साधारण ३:१ (तीन आडवे, एक उभे), मागचा २:१ ते २.५:१. लाटांनी माती धुपू नये म्हणून पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचे अस्तर, करतात आणि त्याखाली वाळू-खडीचा थर देतात. हा थर वगळला, की लाट मागे सरताना दगडांच्या फटींतून माती ओढून नेते आणि पिचिंग खचते. मागच्या पायथ्याशी वाळूची गाळणी, दगडांचा पायथा आणि पाणी वाहून नेणारा चर असतो. पाणी जावे पण मातीचा कण जाऊ नये, एवढेच गाळणीचे काम. सबंध धरणात मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

काय बिघडते

सर्वांत मोठा धोका पाणी माथ्यावरून जाण्याचा. दगडी धरण हे काही वेळ सोसू शकते. मातीचे धरण तासाभरातही कापले जाते. म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारी वाट, पुरेसा रुंद आणि मोकळा हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तेवढाच पाऊस विहारच्या सगळ्या पाणलोटावर धरला, तर सुमारे १,७९० कोटी लिटर होतात, म्हणजे तलावाच्या क्षमतेच्या जवळपास दोन तृतीयांश. आधीच भरलेल्या तलावात असे पाणी आले, की त्याला सांडव्याशिवाय वाट नसते. सांडव्याच्या तोंडाशी अडकलेले ओंडके आणि प्लास्टिक म्हणूनच जूनपूर्वी काढावे लागतात.

दुसरा धोका भरावातून जाणाऱ्या नळाचा किंवा विमोचकाचा (तलावातले पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचा). त्याला खेटून माती नीट दाबली जात नाही, तो खचला तर वरचा भरावही खचतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपूर्ण मातीचे धरण फुटले, त्यामागे विमोचकाच्या बांधकामातला कमकुवतपणा हे मोठे कारण होते.

तिसरा धोका चोरपावलांनी येतो. मे महिन्यात धरणाच्या मागच्या उतारावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते. त्यात एखादा हिरवागार पट्टा दिसला, की तिथे पाझर आहे असे समजावे. ते पाणी काचेच्या बाटलीत घेऊन तासभर स्थिर ठेवावे. नितळ राहिले तर मोजमाप चालू ठेवून लक्ष ठेवता येते. तळाशी बारीक गाळ बसला तर धरण आतून पोखरले जात आहे आणि तलावाची पातळी लगेच उतरवावी लागते. पण बेताने, कारण पाणी झपाट्याने उतरले तर आतल्या बाजूची भिजलेली माती आधार सुटून घसरते. मागून गळणारे भोक माती टाकून बुजवणे ही नेहमीची घोडचूक. पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर खाली वाळू, मग खडी आणि वर दगड अशी उलटी गाळणी रचायची असते.

खेकडे, घुशी आणि उंदीर भरावात बिळे करतात. धरणावर झाड वाढू देत नाहीत, ते मेल्यावर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते म्हणून. सावलीसाठी लावलेला वड-पिंपळसुद्धा धरणावर नको.

पवई : विरंगुळ्याचा तलाव

पवई तलाव १८९० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला. खर्च सुमारे १२.५९ लाख रुपये. पण त्याचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही. ते आरे वसाहतीला आणि उद्योगांना दिले जाते. विहार पिण्याचा असल्याने त्याच्या काठी सर्वांना मोकळीक नाही, तर पवईच्या काठावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंबांची गर्दी असते. गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी मंडळींची संघटना येथे अनेक दशके आहे. पाण्यात मगरी आहेत, त्यामुळे पोहणे वर्ज्य. हिवाळ्यात सकाळी त्या उन्हाला काठावर येऊन पडतात.

क्षमता ५४५ कोटी लिटर आणि पूर्ण भरल्यावर पसारा २.२३ चौ.किमी, भागाकार केला तर सरासरी खोली जेमतेम अडीच मीटर निघते. इतक्या उथळ पाण्यात आलेले सांडपाणी पातळ व्हायला वाव नसतो. त्यातील नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी फोफावते, तिच्याखाली उजेड आणि प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. जलपर्णी यंत्राने काढतात, पण काढलेला ढीग काठावरच ठेवला तर पहिल्याच पावसात तो कुजून परत तलावात जातो. सांडपाण्याचे नाले वळवल्याशिवाय ही काढणी दरवर्षी पहिल्यापासून करावी लागते. मूर्ती विसर्जनासाठी कृत्रिम तलाव वापरल्यास प्लास्टर आणि रंगाचा तेवढा गाळ वाचतो.

काठावर सायकल आणि जॉगिंगसाठी मार्ग करण्याचे काम जाळीत दगड भरून सुरू झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते बेकायदा ठरवून बांधकाम हटवण्याचा आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पावसाळ्यात बुडणारी आणि उन्हाळ्यात उघडी पडणारी उतरती किनार असल्या भिंतीखाली जाते. पाणपक्षी चरतात ते तिथेच, आणि मगरी उन्हाला येतात तेही तिथेच. फिरण्याची वाट करायची तर ती भरल्या तलावाच्या पाणीरेषेच्या वर, मातीची आणि पावसाचे पाणी जिरू देणारी असावी.