बारा-ए, ऐंशी-जी आणि नावातला जादा 'ए'

आमच्याकडे येणाऱ्या मंडळ, संघ आणि ट्रस्टच्या पदाधिकाऱ्यांसाठी

बारा-ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट मिळवून देणारी नोंदणी, आणि ऐंशी-जी म्हणजे संस्थेला देणगी देणाऱ्याला करात वजावट मिळवून देणारी. "सर, बारा-ए किती दिवसांत होतंय?" असं विचारत कुणी आलं की आमचं उत्तर ठरलेलं असतं : आधी संस्थेचं पॅनकार्ड, नोंदणीचा दाखला आणि बँकेचं पासबुक टेबलावर ठेवा. काहींना हे आवडत नाही. "अर्ज तर भरा की, कागदं मागनं देतो," म्हणतात. आम्ही भरत नाही. का भरत नाही ते एकदा लिहूनच ठेवावं, म्हणून हे पत्रक.

खानापूरकडच्या एका महिला मंडळाच्या खजिनदारबाई मध्यंतरी आल्या होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी तिन्ही कागद काढले. दाखला कानडीत. पॅनवर इंग्रजीत 'मंडळ'. पासबुकावर त्याच 'मंडळ'च्या शेवटी एक 'ए' जादा, कानडी वळणाचं. शिवाय पॅनवर नावाच्या शेवटी सुटं 'आर' अक्षर. हे 'आर' म्हणजे आपल्याकडे कर्नाटकात नोंदणी झालेल्या संस्थेच्या पाटीवर कंसात 'रि.' लिहितात ना, तेच. पॅनचा अर्ज भरणाऱ्या पोराने तेही नावातच घातलं होतं. बाई म्हणाल्या, "नावं तीन झाली, पैसे काय तिप्पट झाले न्हाईत."

घोळ होतो तो असा. संस्थेचं नाव आपण मराठीत ठरवतो. दाखला किंवा ट्रस्टचा दस्त बहुतेक वेळा कानडीत होतो. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग अधिकृतपणे कुठेच लिहिलेलं नसतं. मग पॅनवाला एक लिहितो, बँकेतला क्लार्क दुसरं, आणि दस्ताचं भाषांतर करणारा तिसरं. संघ, युवक, शिक्षण, मंडळ, विकास : या प्रत्येक शब्दाला शेवटचा 'ए' लागू शकतो किंवा गळू शकतो.

तुम्हाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण आयकर खात्याच्या पोर्टलवरच्या अर्जात नाव पॅनवरून आपोआप येतं, तिथे आपल्याला हात लावता येत नाही. आदेश त्याच नावाने निघतो आणि देणगीदारांची प्रमाणपत्रंही त्याच नावाने. नियमित नोंदणीचा अर्ज तपासला जातो बेंगळूरच्या आयकर आयुक्त (सूट) यांच्या कार्यालयात. तिथे दस्त आणि पॅन शेजारी ठेवून बघणारा माणूस आपल्या ओळखीचा नसतो. तो नोटीस काढतो. नोटीस पोर्टलवर आणि ईमेलवर येते, आणि ईमेल असतो मागच्या सेक्रेटरीच्या मुलाचा. उत्तराची मुदत थोड्या दिवसांची. ती उलटली की अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि आधी तात्पुरती नोंदणी (तिचं पुढे सांगतो) मिळालेली असेल तर तीही सोबत जाते.

म्हणून संस्था नवी असेल तर पॅन काढायच्या आधीच कमिटीत ठराव करून एक इंग्रजी स्पेलिंग पक्कं करा. दस्त अजून व्हायचा असेल तर त्यातच एका ओळीत ते इंग्रजीत लिहून घ्या. संस्था जुनी असेल तर पॅनदुरुस्ती आधी, अर्ज नंतर. दुरुस्तीची फी किरकोळ आहे, दोन-तीन आठवडे जातात एवढंच. एका गोष्टीला मात्र घाबरू नका : जुन्या पॅनच्या पत्त्यात 'बेळगाम' आणि नव्या कागदावर 'बेळगावी' असेल तर त्यावर कुणी अडून बसत नाही. २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बदललं हे बेंगळूरला माहीत आहे.

पॅनचं चौथं अक्षरही बघा. ट्रस्टला 'टी' येतं. 'पी' असेल तर ते कुणा माणसाचं पॅन आहे, संस्थेचं नाही. हसू नका, अध्यक्षांचंच पॅन बँकेत लावून वर्षानुवर्षं चाललेली मंडळं आम्ही पाहिली आहेत.

आता बाकीचं थोडक्यात. चंदगड-गडहिंग्लजचे पाहुणे धर्मादाय आयुक्तांच्या नोंदणीचं सांगतात, ते त्यांच्या महाराष्ट्रातलं. आपल्याकडे ट्रस्टचा दस्त सबरजिस्ट्रारकडे होतो, आणि संघ-मंडळं कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली. तिकडच्या दस्ताची झेरॉक्स आणून नाव बदलू नका. संस्था बंद पडली तर मालमत्ता तशाच धर्मादाय संस्थेकडे जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही, हे कलम दस्तात हवंच.

काम अजून सुरू न केलेल्या संस्थेला तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. ती हातात पडली की लोक पेढे वाटतात आणि विसरतात. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा मुदत संपायच्या सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीचा अर्ज करावा लागतो. आधीपासून काम करणाऱ्या आणि सूट कधीच न घेतलेल्या संस्थेला थेट नियमित अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे, त्यामुळे कलमांचे आकडे नवे आहेत. तोंडात बारा-ए आणि ऐंशी-जीच राहिलंय, आम्हीही तेच म्हणतो.

देणगीदाराला काय मिळतं तेही नीट सांगा. साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर वजावट, तीही मर्यादेत, आणि तो जुन्या करपद्धतीत असेल तरच. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर काहीच नाही. उद्यमबागेतल्या एखाद्या कंपनीकडून सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्च करायचा, पैसा हवा असेल तर बारा-ए आणि ऐंशी-जी दोन्ही लागतात, वर सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी.

आणि वर्गणी गोळा करून गणपतीतच संपवणाऱ्या मंडळाला आम्ही बऱ्याचदा "हे तुम्हाला नको" असंच सांगतो. नोंदणीबरोबर हिशेब, वेळेवर रिटर्न, उत्पन्नाचा ८५ टक्के खर्च ही बांधिलकीही येते. आमची एक फी बुडते, चालेल.

नावं जुळवून बघायला आम्ही पैसे घेत नाही. शनिवारी बाजाराला येता तेव्हा तिन्ही कागद पिशवीत टाकून आणा, दहा मिनिटांत सांगतो. मराठी किंवा कानडी दस्ताचं इंग्रजी भाषांतर आमच्याकडेच करून मिळतं, ठरलेल्या एकाच स्पेलिंगने. येताना चालू असलेला ईमेल आणि त्याचा पासवर्ड माहीत असलेला माणूस, दोघांनाही सोबत घेऊन या.