सगळ्या कीटकांच्या गुणसूत्रांचं टोक सारखं नसतं

पुण्यात प्राणिशास्त्राच्या वर्गांत अजूनही ऐकू येतं, की कीटक म्हटला की गुणसूत्राच्या टोकाला डीएनएच्या अक्षरांचा टीटीएजीजी हाच क्रम. हे चूक आहे. १९९३ मध्ये तो रेशीमकिड्यात दाखवला गेला; मधमाशीतही आहे. फळमाशीत मात्र तो नाही आणि टोक वाढवणारं एन्झाइम, टेलोमरेजही नाही. तिथे हेट-ए, टार्ट यांसारखे जागा बदलणारे घटक टोकाला जोडले जाऊन झीज भरून काढतात. पिठातल्या लाल भुंगेऱ्यात टीसीएजीजी असतो.

म्हणून फळमाशीच्या स्लाइडवर टीटीएजीजी प्रोब (तो क्रम सापडला की त्याला चिकटणारा, चमकणारा डीएनएचा तुकडा) चमकला नाही, तर स्लाइड फेकू नका. त्याच बॅचमध्ये रेशीमकिड्याची स्लाइड ठेवा. ती चमकली तर पद्धत ठीक आहे. नुसत्या चमकण्यावरही विसंबू नका; तो क्रम गुणसूत्राच्या आतही असू शकतो. डीएनएवर बाल-३१ हे टोकांकडून कुरतडत जाणारं एन्झाइम चालवा: जेलवर खऱ्या टोकाचे पट्टे मिनिटागणिक आखूड होत जातात, आतले सुरुवातीला तसेच राहतात.