काकांचा लॅपटॉप आणि तीन जीबीची लिनक्स

शेजारच्या काकांचा लॅपटॉप 2015चा. रॅम 4 जीबी, आत फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चे नेहमीचे अपडेट थांबले आणि विंडोज 11 या मशीनवर बसत नाही; तिला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-चिप आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. काकांचं काम काय, तर बँक, मेल, यूट्यूबवरची कीर्तनं आणि सोसायटीचा हिशोब. “अरे, पण याला झालंय काय?” हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

अशा लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाका, असं कुणीही सांगतं. पण कुठली? इथे माणूस गोंधळतो, कारण नावंच शेकड्यांनी आहेत. मिसळीचं उदाहरण घेतलं तर सोपं जाईल: खाली मटकीची उसळ तीच, वरचा रस्सा आणि फरसाण गावागणिक वेगळं. खालची उसळ म्हणजे कर्नल, लिनस तोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने 1991 साली लिहायला घेतलेला. हार्डवेअरशी बोलणं, प्रोग्रॅमना रॅम वाटून देणं ही कामं त्याची. त्यावर बाकीचं सामान रचून जो तयार संच मिळतो, तो डिस्ट्रो. 1993चा डेबियन, त्यावर उभा राहिलेला 2004चा उबुंटू, आणि उबुंटूवर उभा 2006चा लिनक्स मिंट. म्हणजे उबुंटू की मिंट या वादात पोटातलं बरंचसं सामान एकच असतं.

मग नवख्याने बघायचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी. पहिली, अपडेट किती वर्षं मिळणार. उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. 24.04 या आकड्याचा अर्थ 2024 सालचा चौथा महिना. मिंट 22 याच पायावर आहे, म्हणून त्याचे अपडेट 2029पर्यंत. दुसरी गोष्ट डेस्कटॉप, म्हणजे डोळ्यांसमोर दिसणारा भाग. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप विंडोज 7 वापरलेल्याला लगेच ओळखीचा वाटतो: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. उबुंटूची पट्टी डाव्या बाजूला उभी असते; काहींना आवडते, काकांना आवडली नसती. रॅम 4 जीबी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या, दिसायला साधी पण हलकी. कुणी उत्साही भाचा ‘आर्च टाका, खूप शिकायला मिळेल’ म्हणाला (आर्च म्हणजे बरंचसं हाताने जुळवावं लागणारी डिस्ट्रो) तर त्याला चहा द्या आणि विषय बदला.

यापुढे यादी वाचत बसण्यात अर्थ नाही. लॅपटॉपलाच विचारायचं. लिनक्सची गंमत ही, की ती न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते. मिंटची फाइल साधारण तीन जीबीची. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, रूफस किंवा एचरसारख्या प्रोग्रॅमने ‘लिहावी’ लागते. मग लॅपटॉप सुरू होताना एफ12, एफ9 किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे कळ बदलते) दाबून पेनड्राइव्ह निवडायचा.

हे चालतं कसं? पेनड्राइव्हवर अख्खी सिस्टीम दाबून-आवळून भरलेली असते आणि ती फक्त वाचता येते. जो तुकडा लागेल तेवढाच उलगडून रॅममध्ये येतो. तुम्ही वॉलपेपर बदललात, फाइल लिहिलीत, तर तो बदल मूळ सामानात होत नाही. रॅममध्ये वर पसरलेल्या एका कोऱ्या थरात होतो. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघोट्या माराव्यात तसं. बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच चित्र दिसतं, लॅपटॉप बंद केला की ट्रेसिंग पेपर गेला आणि नकाशा होता तसाच. ‘इन्स्टॉल’चं बटण दाबेपर्यंत हार्डडिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही. मात्र पेनड्राइव्हवरून सगळं जरा रेंगाळतं, त्यावरून वेग जोखू नका. वाय-फाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा, प्रिंटर, आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, एवढं तपासा.

काकांचं वाय-फाय दिसलंच नाही. काही वाय-फाय चिपांचे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे छोटे प्रोग्रॅम, खुले नसतात, ते मागाहून घ्यावे लागतात. आणि घ्यायला नेट हवं. फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडला, पाच मिनिटांत काम झालं.

फाइल उतरवल्यावर तिचा हॅश जुळवायला विसरू नका. अख्खी फाइल एका गणिती चरकातून काढली की 64 अक्षरांची खूण मिळते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी खूण पार वेगळी निघते. 2016च्या फेब्रुवारीत मिंटच्याच वेबसाइटमध्ये घुसून हल्लेखोरांनी डाउनलोडची लिंक बदलली होती आणि लोकांच्या पदरात चोरदरवाजा असलेली प्रत पडत होती. ज्यांनी अस्सल खुणेशी पडताळून पाहिलं त्यांना ती लगेच ओळखता आली.

बसवण्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोजही ठेवायची असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर नंतर विंडोज तीच मागत बसते. टॅली किंवा विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर हा खटाटोप करूच नका. आणि जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, टाकलीत, तर जो फरक पडेल तो कुठल्याही डिस्ट्रोने पडणार नाही. काकांच्या लॅपटॉपला आम्ही तेच केलं.

सोसायटीचा हिशोब लिबरऑफिसमध्ये, म्हणजे एमएस ऑफिसच्या जागी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नीट उघडला. फक्त कॅलिब्री फॉन्टच्या जागी कार्लिटो आला. दोघांची अक्षरं रुंदीला सारखी बेतलेली असल्याने रकाने जागचे हलले नाहीत. जुन्या मराठी नोटिशींची मात्र गत वाईट होती. त्या युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टात टाइप केलेल्या, फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा. मग कीबोर्डच्या यादीतून मराठी इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी जोडली आणि काका स्वतः टाइप करायला बसले: ‘जिन्याच्या पायऱ्यांवर चपला ठेवू नयेत.’ त्या ‘ऱ्य’साठी शिफ्टसकट जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. तीनदा चुकला, चौथ्यांदा उमटला.