डिशवरचा बर्फ आणि त्यातले पाणी

रात्रभर हिम पडत राहते. पहाटे डिशवर बोटभर थर साचलेला असतो, तरी टीव्हीवरचे चित्र स्वच्छ असते. मग ऊन येते, आणि नेमके तेव्हाच चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. माणूस केबल हलवून बघतो, सेट-टॉप बॉक्स बंद करून पुन्हा चालू करतो. दोष तिथे नसतो. डिशवरचे हिम वितळू लागलेले असते.

मराठीत आपण भुरभुरीत हिमालाही बर्फ म्हणतो आणि काचेसारख्या टणक थरालाही. रेडिओलहरींना हा फरक फारसा जाणवत नाही. त्यांना जाणवतो तो कोरडे आणि ओले यातला फरक.

बहुतेक घरगुती डिश 12 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी पकडतात. त्यांची तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटर. विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येताना त्या इतक्या क्षीण होतात की शेवटच्या हातभर अंतरातली गळतीही महागात पडते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. लहर आली की रेणू तिच्या तालावर फिरू पाहतो, शेजारच्या रेणूंमध्ये अडखळतो, आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. शून्य अंशाच्या पाण्यात ही ओढाताण 9 गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त असते, म्हणजे आपल्या डिशच्या लहरींच्या अगदी शेजारी. बर्फात मात्र रेणू जागच्या जागी जखडलेले असतात. त्यांना इतक्या वेगाने फिरताच येत नाही, म्हणून लहर जवळपास तशीच आरपार जाते. मायक्रोवेव्हमध्ये गोठवलेला पदार्थ ठेवल्यावर एक कोपरा उकळू लागतो आणि मधला भाग दगडासारखाच राहतो, त्यामागेही हेच कारण आहे. जो भाग आधी वितळतो, तोच ऊर्जा ओढून घेत राहतो.

याचा अर्थ कोरडा बर्फ अगदी निरुपद्रवी, असा नव्हे. डिशचा वाडग्यासारखा आकार सगळ्या लहरींना एकाच बिंदूवर एकाच वेळी पोचवण्यासाठी असतो. बर्फात लहरीचा वेग सुमारे 1.8 पटीने कमी होतो आणि ती थर दोनदा ओलांडते, येताना आणि परतताना. डिशच्या एकाच बाजूला 5 मिलिमीटर बर्फ धरला, तर तिथली लहर 8 मिलिमीटर मागे पडते. तरंगलांबीचा जवळजवळ तिसरा हिस्सा! सगळीकडे सारखा पसरलेला पातळ थर चालतो, खाली घसरून कडेला गोळा झालेला चालत नाही.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. धातूच्या पृष्ठभागाला अगदी चिकटून लहरीचे विद्युतक्षेत्र जवळपास शून्य असते, म्हणून डिशच्या उघड्या पत्र्यावरची पाण्याची पातळ फिल्म फार बिघाड करत नाही. पण तीच फिल्म काही मिलिमीटर जाडीच्या बर्फावर पसरली की ती पत्र्यापासून दूर, विद्युतक्षेत्र जोरात असते तिथे जाऊन बसते. पावसात टिकणारे चित्र ऊन पडल्यावर जाते ते यामुळे. आणि सर्वांत नाजूक जागा म्हणजे डिशसमोर दांडीवर बसवलेला एलएनबी, म्हणजे डिशने गोळा केलेला सिग्नल घेऊन केबलमध्ये सोडणारी छोटी डबी. डिशने गोळा केलेली सगळी ऊर्जा त्याच्या छोट्याशा प्लास्टिकच्या टोपणातून आत जाते. तिथे चिकटलेला ओल्या हिमाचा एक गोळा अख्ख्या डिशवरच्या थराइतका त्रास देऊ शकतो.

प्रत्येक उपायाला म्हणूनच एकच प्रश्न विचारावा: यातून पाणी मागे राहणार का?

डिशच्या मागे चिकटवायच्या तापपट्ट्या मिळतात. 80 सेंटिमीटरच्या डिशवर दोन किलो हिम साचले असेल, तर ते वितळवायला सुमारे 670 किलोज्यूल लागतात. 150 वॅटच्या पट्टीला त्यासाठी सव्वा तास लागेल, तोही उष्णता जराही वाया गेली नाही असे धरून. तेवढा वेळ डिशवर अर्धवट वितळलेला लगदा, म्हणजे सर्वांत वाईट अवस्था. पट्टी पहिला हिमकण पडण्याआधी चालू झाली तरच तिचा खरा उपयोग, मग थर साचतच नाही. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या सपाट अँटेनात आगाऊ तापण्याची सोय असते ती याचसाठी.

डिशवर ताणून बसवायचे कापडी आवरण पाणी झटकून टाकणारे असेल तरच घ्यावे. साधे कापड भिजले की पत्र्यापासून दूर, त्याच्या पुढे ओला पडदाच उभा राहतो. मेण किंवा सिलिकॉन स्प्रेने हिम घसरायला मदत होते. स्वयंपाकाचे तेलही काही दिवस काम करते, पण धूळ धरते आणि धुऊन जाते. उकळते पाणी ओतणे मला अजिबात पटत नाही. प्लास्टिक तडकते आणि उरलेले पाणी गोठून आणखी टणक कवच तयार होते. मीठ पत्रा आणि स्क्रू खाते. खरवडणीने किंवा ठोकून बर्फ काढताना पत्र्याला दोनेक मिलिमीटरचा पोचा आला, डिश अंशभर सरकली, तर हिवाळा संपला तरी सिग्नल कमजोरच राहतो.

लांब दांड्याचा मऊ ब्रश मला सर्वांत भरवशाचा वाटतो, पण डिश जमिनीवरून हाताशी येत असेल तरच. बर्फाळ शिडीवर चढण्याइतके कोणतेही चॅनेल मोलाचे नाही. नवी डिश बसवतानाच ती खिडकीजवळ किंवा भिंतीवर खाली घेता आली तर फार बरे. वळचणीखाली मात्र नको, छपरावरचे सगळे हिम घसरून तिच्यावरच येते.

झटकायची सुरुवात हिम कोरडे असतानाच करा, ऊन चढण्याआधी. ब्रश आधी एलएनबीवर, मग डिशच्या वरच्या कडेपासून खाली. शेवटी एलएनबीच्या टोपणावरून कोरडे फडके फिरवा. पत्र्यावर चार थेंब राहिले तर राहू द्यात.