एचआयव्ही उशिरा कळतो तेव्हा

‘कंपनीत दरवर्षी रक्त तपासतात, काही असतं तर तेव्हाच कळलं असतं,’ हा समज शिकलेल्या माणसांतही पक्का आहे. त्या तपासणीत हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल, फार तर यकृत आणि मूत्रपिंडं पाहतात. एचआयव्हीची चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, म्हणून ती त्या यादीत नसते. गरोदर बाईला ही चाचणी सरसकट सुचवली जाते, पुरुषाला ती सुचवायची वेळच सहसा येत नाही.

लागणीनंतर दोन-चार आठवड्यांनी अनेकांना ताप, घसादुखी, पुरळ येतं आणि ‘व्हायरल’ म्हणून विसरलं जातं. पुढची आठ-दहा वर्षं माणूस बहुधा धडधाकट दिसतो, पण सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्ती चालवणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटत असतात. निरोगी माणसाच्या रक्तात त्या घनमिलिमीटरला ५०० ते १५०० असतात. ३५० च्या खाली निदान झालं, तर ते उशिरा. २०० च्या खाली म्हणजे आजार पुढे गेलेला.

या पेशी मरतात कशा, हे फार विलक्षण आहे. विषाणू पेशीत वाढतो आणि तिला फोडतो, असं शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात लसीकाग्रंथींतल्या बहुतेक सीडी४ पेशी स्वस्थ बसलेल्या असतात. विषाणू त्यांच्यात शिरतो, आपल्या आरएनएवरून डीएनए लिहू लागतो आणि मध्येच अडतो. ते अर्धवट तुकडे आयएफआय१६ हे प्रथिन ओळखतं, कॅस्पेस-१ हे विकर जागं होतं आणि पेशी स्वतःच फुटते. फुटताना बाहेर पडलेली दाहकारक रसायनं आणखी सीडी४ पेशींना तिथेच खेचून आणतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टॉन्सिलच्या ऊतींवरच्या प्रयोगांत मरणाऱ्या पेशींपैकी सुमारे ९५ टक्के अशा ‘अर्धवट’ लागणीने मेल्या होत्या. दीर्घ दाहाने ग्रंथींत तंतू साचतात, आणि प्रौढपणी थायमस (या पेशी घडवणारा छातीतला अवयव) आक्रसलेला असल्यामुळे नव्या कोऱ्या पेशी हळूहळूच तयार होतात. म्हणून २०० च्या खाली औषध सुरू केलेल्या अनेकांचा आकडा वर्षानुवर्षं ५०० गाठत नाही.

दरम्यान खुणा दिसत असतात: ऐन तिशीत नागीण, तोंडात पांढरा थर, महिनाभर जुलाब, उलटलेली टीबी. पण नागिणीसाठी त्वचेचा डॉक्टर, जुलाबासाठी कोपऱ्यावरचा दवाखाना. एकत्र बघणारं कुणी नसतं. सरकारी आयसीटीसीत (समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) चाचणी मोफत होते, पण केंद्राची वेळ आणि कामाची वेळ एकच. रोजंदारीवरचा माणूस त्यासाठी खाडा करत नाही.

उशिरा निदान झालेला रुग्ण औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत जास्त आजारी पडू शकतो. औषध विषाणूला दाबतं, प्रतिकारशक्ती सावरते आणि आधीच लपलेल्या टीबीवर तुटून पडते. ताप चढतो, गाठी सुजतात. याला आयरिस म्हणतात. ‘औषध बाधलं’ समजून गोळ्या बंद करणं ही इथली सर्वात महागडी चूक. टीबी असेल तर आधी तिची औषधं, मग साधारण दोन आठवड्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं. टीबी मेंदूच्या आवरणात असेल तर चार ते आठ आठवडे थांबतात. शिवाय टीबीचं रिफॅम्पिसिन हे एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राविरची पातळी उतरवतं, म्हणून ५० मिलिग्रॅमची गोळी एकदाऐवजी दोनदा, बारा तासांच्या अंतराने. याच काळात सीडी४ वाढवणारे काढे विकणारे भेटतात. एड्स बरा करण्याचा दावा करून औषध विकायला औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’नुसार बंदी आहे.

नोकरी जाते ती बहुधा याच महिन्यांत. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की काम करायला सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारता येत नाही. २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी चाचणीची सक्तीही बंद केली. पण कामास अयोग्य असल्याचं स्वतंत्र डॉक्टरचं लेखी मत, जोडीला सोय करून देणं का परवडत नाही याचं मालकाचं लेखी निवेदन, ही त्यातली पळवाट आहे, आणि उशिरा निदान माणसाला नेमकं तिथे नेऊन उभं करतं. त्यामुळे दाखल्यावर ‘कामास अयोग्य’ असा मोघम शेरा नको, तर तारखा घातलेली तात्पुरती विश्रांती लिहून घ्यावी. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणं सक्तीचं आहे, तेव्हा गोपनीयता मोडली तर तक्रार त्यांच्याकडेच लेखी द्यावी.