लाल ढेकूण आणि वर्तमानपत्राचा कागद

कपाशी वेचणाऱ्याला लाल ढेकूण वेगळा दाखवावा लागत नाही. फुटलेल्या बोंडावर लालभडक किड्यांचा घोळकाच बसलेला असतो. नाव ढेकूण असलं तरी हा रक्त पीत नाही. त्याला हवी असते सरकी.

लांबी साधारण दीड सेंटीमीटर. मानेवर पांढरी पट्टी, लाल पंखांवर एकेक काळा ठिपका, पंखांची टोकं काळी, आणि उलटा केला तर पोटावर पांढरे आडवे पट्टे. इतका नटून तो उघड्यावर फिरतो, कारण हा रंगच पक्ष्यांना इशारा असतो. मात्र अँटिलोकस नावाचा त्याचाच लाल भाऊबंद त्याला बिनदिक्कत खातो.

सोंड बीमध्ये खुपसायची, लाळ सोडून आतला गर पातळ करायचा आणि ओढून घ्यायचा, ही त्याची जेवणाची रीत. भेंडी, अंबाडी, सावरीच्या झाडाखाली पडलेलं बी, सगळं चालतं. शेतकऱ्याचं दुखणं मात्र रुईचं. सोंडेने पाडलेल्या छिद्रातून बुरशी बोंडात शिरते, विष्ठेचे डाग पडतात, जिनिंगमध्ये, म्हणजे सरकीपासून रुई सोडवताना, किडे चिरडले जातात आणि पांढरी रुई पिवळट होते.

नर-मादी एकमेकांकडे पाठ करून जुळतात आणि तसेच दिवसेंदिवस हिंडतात. मादी मोठी, म्हणून दिशा तिची. नर बिचारा उलटा चालत मागे फरफटतो. अंडी ओलसर मातीत. पिल्लं पाचदा कात टाकली की पंखवाली होतात.

या पाच कातींवरूनच एक मजेदार गोष्ट घडली. 1960च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ कारेल स्लामा प्रागहून याच कुळातले युरोपीय किडे घेऊन अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात कीटकशास्त्रज्ञ कॅरॉल विल्यम्सकडे गेले. तिथे पिल्लं वयातच येईनात. जादा कात टाकून नुसती मोठी होत आणि मरत. खाणं, पाणी, सगळं तपासून झालं. दोषी निघाला बशीत अंथरलेला कागदी रुमाल! मग वर्तमानपत्रं अंथरून पाहिली. 'न्यूयॉर्क टाइम्स'वर पिल्लं पिल्लंच राहत, लंडनच्या 'टाइम्स'वर व्यवस्थित वाढत. अमेरिकी कागद बाल्सम फर या झाडाच्या लगद्याचा होता, आणि त्या लाकडात किड्यांना लहानच ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं रसायन असतं. इतर बहुतेक किड्यांना त्याचं काही वाटत नाही, या कुळाला मात्र ते भोवतं. 1966मध्ये के. एन. सक्सेना आणि विल्यम्स यांनी तोच 'कागदी घटक' आपल्या कपाशीवरच्या लाल ढेकणाला लावून पाहिला. त्याचीही वाढ तशीच अडली.