आपत्तीतून वाचलेल्या पालकांचा मानसिक आघात आणि मुले

पूर, भूकंप किंवा दरड कोसळण्यासारख्या आपत्तीतून वाचलेल्या आईवडिलांच्या मनावरचा आघात मुलांच्या भीतीत, झोपेत आणि वागण्यात उतरणे. मुलाने आपत्ती पाहिलेली नसली, तेव्हा ते जन्मलेलेही नसले, तरी असे घडू शकते. मराठीतला 'धसका' हा शब्द येथे नेमका लागू पडतो: धसका एकाने घेतलेला असतो, पण सारे घर त्याच्या कलाने वागू लागते.

पुण्याला ही गोष्ट परकी नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. (धरणफुटीला निव्वळ नैसर्गिक आपत्ती म्हणणे बरोबर नाही, मनावरच्या जखमेच्या दृष्टीने मात्र फरक थोडाच.) पुढे अनेक पूरग्रस्तांची घरे सहकारनगरसारख्या भागांत झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा याच परिसरात पुन्हा पाणी घुसले. जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे दगावली.

धसका पोचतो तो रोजच्या व्यवहारातून. लहान मूल धोका ओळखते ते मोठ्यांच्या चेहऱ्यावरून. पावसाची सर आली की आई दचकते, वडील रात्रभर खिडकीशी उभे राहतात, क्षुल्लक कारणावरून आवाज चढतो. एवढ्यावरून मूल शिकते की जग भरवशाचे नाही. काही घरांत त्या रात्रीचीच उजळणी चालते, काहींत तिचे नावही काढत नाहीत. दुसरा प्रकार अधिक जाचक वाटतो, कारण मूल मोकळी जागा स्वतःच्या कल्पनेने भरते आणि कित्येकदा दोष स्वतःकडे घेते. मग अंथरूण ओले होते, पोट दुखते, ढग भरून आले की शाळा नको होते. थोरली मुले, विशेषतः मुली, न सांगता आईची आई बनतात. अशा मुलीला आपण 'समजूतदार' म्हणतो आणि तिचा त्रास नजरेआड होतो.

ऑस्ट्रेलियात १९८३ मध्ये लागलेल्या वणव्यांनंतर मानसोपचारतज्ज्ञ अलेक्झांडर मॅकफार्लेन यांनी शाळकरी मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. मुलाने आग किती जवळून पाहिली यापेक्षा आपत्तीनंतर लगेच आईवडिलांपासून झालेली ताटातूट, आपत्तीतच अडकून राहिलेले आईचे मन आणि बिघडलेली घराची घडी या गोष्टी अधिक निर्णायक ठरल्या. कॅनडातील क्वेबेकमध्ये १९९८ साली आलेल्या हिमवादळाच्या अभ्यासात, गर्भारपणी अधिक हाल सोसलेल्या मातांची मुले बुद्धी व भाषेच्या चाचण्यांत सरासरीने मागे आढळली. यावरून आघात 'रक्तातून' पुढच्या पिढीत जातो असे सर्रास म्हटले जाते. माणसांबाबत तसे ठाम म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि अशा बोलण्याने आधीच अपराधी वाटणाऱ्या आईवर आणखी एक ओझे पडते.

मदतकार्यात मुलांना वह्या, खाऊ, खेळणी मिळतात. आईची झोप कशी आहे, हे क्वचितच विचारले जाते. मुलाच्या उपचाराची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. निवाऱ्यात मुलांना आईवडिलांपासून वेगळे न ठेवणे, शाळा व जेवणाच्या वेळा लवकर पूर्ववत करणे आणि घडलेले मुलाला कळेल अशा शब्दांत सांगणे हे उपाय साधे पण परिणामकारक आहेत. महिनाभरानंतरही दचकणे, भयस्वप्ने, टाळाटाळ कायम राहिली तर मानसोपचार घ्यावेत. 'टेलीमानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. बऱ्या होऊ लागलेल्या घरातही जुलैच्या पहिल्या जोरदार पावसात त्रास उलटू शकतो. त्या रात्री 'आई पावसाला घाबरते, पण आज पाणी येणार नाही, ओढा आपण संध्याकाळीच पाहून आलोय' एवढे सांगितलेले मुलाला पुरते.